विज्ञानकथा आणि फँटसी : अशक्य गोष्टी लिहायच्या कशासाठी?

गेली दोन-तीन वर्षे कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजे एआयची, एखादी नवी बातमी आली की मुंबईच्या लोकलच्या डब्यापासून वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चेपर्यंत एक वाक्य हमखास ऐकू येते : 'विज्ञानकथेत वाचले होते ते अखेर खरे झाले.' २० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर गेले, तेव्हा त्यांच्यावर भरभरून लेखन झाले. मात्र त्यांच्या कथांचा उल्लेख बहुतेक ठिकाणी 'मुलांना विज्ञानाची गोडी लावली' एवढ्यावरच आटोपला, असे मला जाणवले. या दोन्ही बोलण्यांमागे एक समजूत आहे. विज्ञानकथेला किंमत द्यायची ती तिने भविष्य सांगितले म्हणून किंवा विज्ञान शिकवले म्हणून, अशी ती समजूत. यातले एकही काम न करणाऱ्या फँटसीच्या वाट्याला तर 'करमणूक' एवढाच शब्द येतो. ही समजूत अपुरी का आहे आणि हे साहित्य प्रत्यक्षात कोणते काम करते, हे या लेखात पाहायचे आहे.

आधी दोन्ही प्रकार नीट ओळखू

फँटसी, जिला मराठीत अद्भुतिका असेही म्हणतात, ती अशी कथा की जिच्यात जगाच्या परिचित नियमांत न बसणारी गोष्ट घडते आणि ती कशी घडली हे विचारायचे नसते. श्रावणातल्या कहाण्या 'आटपाट नगर होतं' अशा सुरू होतात. ते नगर कोणत्या जिल्ह्यात, असे कुणी विचारत नाही. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात पहिल्याच वाक्याला करार झालेला असतो. विज्ञानकथेतही जगावेगळी गोष्ट घडते, परंतु तिथे लेखकाला कारण द्यावे लागते, आणि ते कारण निसर्गनियमांच्या चौकटीत बसणारे, निदान बसू शकेल असे वाटणारे असावे लागते. डार्को सुविन या समीक्षकाने १९७० च्या दशकात या प्रकाराची जी मांडणी केली, तिच्यात अशा कथेतल्या एका मध्यवर्ती नव्या गोष्टीला महत्त्व दिले आहे. आपण तिला 'नवघटक' म्हणू. आपल्या जगात नसलेली एक गोष्ट आणायची आणि तिच्यामुळे काय काय बदलेल ते तर्काला धरून शोधायचे, ही त्यामागची रीत आहे.

एकच प्रश्न दोन्ही प्रकारांत कसा वेगळा वागतो, हे वेताळपंचविशीतल्या एका गोष्टीवरून चांगले कळते. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या कथासरित्सागरातही ही गोष्ट आहे. मदनसुंदरीचा नवरा आणि तिचा भाऊ देवीच्या देवळात आपापली शिरे कापून घेतात. देवी प्रसन्न होऊन तिला शिरे धडांना जोडायला सांगते आणि ती घाईत नेमकी उलटी जोडते. आता तिचा नवरा कोणता? वेताळ विक्रमाला हा प्रश्न विचारतो आणि राजा उत्तर देतो की शिर हा सर्व अवयवांत प्रमुख असल्यामुळे नवऱ्याचे शिर ज्याच्या धडावर आहे तोच नवरा.

इथे अद्भुताचे काम एका क्षणात संपते. देवीने जोडले, जोडले गेले. त्यानंतर उरतो तो निव्वळ विचार : माणूस म्हणजे त्याचे डोके की त्याचे शरीर? आता हीच गोष्ट आजच्या मुंबईत विज्ञानकथा म्हणून लिहायला घ्या. देवी उपलब्ध नाही, म्हणून पाठीच्या कण्यातले मज्जातंतू कसे जुळले, परक्या धडाला शरीराने नाकारले कसे नाही, याचा विचार लेखकाला करावा लागतो. तेवढ्यावरही भागत नाही. आधारच्या नोंदीत डोळ्यांच्या बुबुळांची ओळख डोक्याबरोबर गेली आणि बोटांचे ठसे धडाबरोबर गेले. मग बँकेतले खाते कोणाचे, गिरगावातल्या खोलीची भाडेपावती कोणाच्या नावावर, आणि होणारे मूल ज्या शरीराचे असेल त्याच्या आईवडिलांचा त्याच्यावर हक्क किती? विक्रमाचे उत्तर इथे पुरे पडत नाही. फँटसीने प्रश्न स्वच्छ वेगळा काढून दाखवला. विज्ञानकथेने तोच प्रश्न व्यवहारात, कायद्यात आणि घरात आणून ठेवला. यातली एक दुसरीपेक्षा श्रेष्ठ आहे, असे मला म्हणवत नाही.

कल्पनाच करायची तर काहीही चालेल, असे का नाही?

कल्पनेला बंधन नसते, हे वाक्य आपण इतके ऐकलेले असते की फँटसी लिहिणे सोपे असावे असे वाटते. प्रत्यक्षात तिथे बंधने अधिक कडक असतात, कारण ती लेखकाने स्वतःच घातलेली असतात. इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मुले क्रिकेट खेळतात, तेव्हा एक टप्पा आउट, पहिल्या मजल्याच्या खिडकीत थेट चेंडू गेला तर आउट, भिंतीला लागला तर दोनच धावा, असे नियम तिथल्या तिथे ठरतात. वानखेडेवर त्यांना काही अर्थ नाही. पण ठरल्यानंतर कुणी मध्येच बदलू लागला तर खेळ थांबतो आणि भांडण सुरू होते, कारण नियम टिकले तरच जिंकण्याहरण्याला अर्थ उरतो. फँटसीचेही तसेच आहे. मंत्राने माणूस अदृश्य होतो असे सांगितले, तर त्याची सावली पडते की नाही आणि मंत्राची किंमत काय मोजावी लागते, हे ठरवून शेवटपर्यंत पाळावे लागते. नायक संकटात सापडल्यावर आजवर कधी न ऐकलेली शक्ती अचानक त्याच्या हाती आली, तर वाचकाला फसवणूक झाल्यासारखे वाटते, आणि ते योग्यच आहे.

गंगाधरपंत मुंबईला येतात तेव्हा

नवघटक म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा एका कथेतून अधिक स्पष्ट होईल. नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा त्यासाठी मला सर्वांत योग्य वाटते, आणि ती मुंबईत घडते हेही तिला इथे घेण्याचे एक कारण आहे.

इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत पुण्यात एका अपघातात सापडतात आणि भानावर येतात ते एका वेगळ्याच हिंदुस्थानात. तिथून ते मुंबईला येतात, तर शहर ओळखीचे आहे आणि नाहीही. ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे, मुंबई इंग्रजांकडे भाडेपट्ट्याने आहे, आणि बाकी देश मात्र कधीच गुलाम झालेला नाही. इतिहास कुठे वळला हे शोधायला ते टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात जाऊन बसतात. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर आपल्या इतिहासात विश्वासरावांना गोळी लागली आणि सैन्याचा धीर सुटला. त्या जगातल्या बखरीत ती गोळी त्यांना चाटून गेलेली आहे. फरक अगदी तीळभराचा. परिणाम अडीचशे वर्षांचा.

या कथेत लेखकाने काय केले आहे, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्याने सगळे जग बदललेले नाही. फक्त एका गोळीची दिशा बदलली, आणि मग पेशवाईचे काय झाले असते, इंग्रजांचे काय झाले असते, बोरीबंदर कसे दिसले असते, याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला. टाउन हॉल तोच ठेवला, आझाद मैदानही तेच ठेवले. फोर्टात रोज जाणारा वाचक या ओळखीच्या जागांवरून कथेबरोबर चालतो, म्हणूनच बदललेल्या गोष्टी त्याला बोचतात. सगळेच अनोळखी असते तर काहीच बोचले नसते. एखाद्या फकिराच्या ताइताने गंगाधरपंत त्या जगात गेले असते, तर ही फँटसी झाली असती आणि तीही वाईट झाली नसती. पण नारळीकर कारण देतात. इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणाबद्दल तो नेमका कुठे सापडेल हे आधी ठामपणे सांगता येत नाही, केवळ शक्यता सांगता येतात. मग प्रत्येक शक्यतेचे वेगळे जग असू शकेल काय, असा प्रश्न भौतिकशास्त्रात विचारला गेलेला आहे. त्या प्रश्नाचा दोर धरून कथा एका जगातून दुसऱ्या जगात जाते, आणि पुराव्यादाखल गंगाधरपंतांच्या खिशात तिकडच्या बखरीचे फाटके पान राहते.

आता विचार करा, या कथेने भविष्य सांगितले काय? मुळीच नाही. विज्ञान शिकवले काय? थोडेसे, तेही ओझरते. तिने जे केले ते वेगळेच आहे. पानिपत हरणे हे विधिलिखित होते, इंग्रज येणे अटळ होते, अशी जी भावना शाळेच्या इतिहासाने आपल्यात रुजवली, तिला या कथेने हलवले. घडले ते घडायलाच हवे होते असे नव्हते, हे इतिहासाचे पुस्तक एका ओळीत सांगू शकते. ते अनुभवायला मात्र त्या दुसऱ्या मुंबईतून चालावे लागते. आणि एकदा भूतकाळ असा सैल झाला की आजच्या ज्या गोष्टी आपण अटळ मानतो, त्यांच्याकडेही तशाच नजरेने पाहता येते.

पण विज्ञानकथांची भाकिते खरी ठरतात ना?

काही ठरतात, यात शंका नाही. ज्यूल व्हर्नने १८६५ च्या कादंबरीत चंद्राकडे निघणारी माणसे फ्लोरिडातून पाठवली आणि १९६९ साली अपोलो ११ फ्लोरिडातूनच निघाले. पण व्हर्नने त्यांना तोफेच्या गोळ्यात बसवून पाठवले होते. तशा धक्क्याने आतली माणसे जागीच मेली असती. आर्थर क्लार्क या विज्ञानकथाकाराने दळणवळणाच्या उपग्रहांची कल्पना आधीच मांडली होती, हे खरे असले तरी १९४५ साली ती त्याने कथेत मांडलेली नव्हती, तर एका तांत्रिक मासिकातल्या लेखात मांडली होती. खरी ठरलेली भाकिते आपण लक्षात ठेवतो आणि चुकलेली सोडून देतो. भविष्य बरोबर सांगणे हीच कसोटी लावली, तर हे बहुतेक सगळे साहित्य नापास होईल आणि त्याचे खरे बळ नजरेआड होईल.

यंत्रमानवाचे उदाहरण घ्या. 'रोबो' हा शब्द जगाला मिळाला तो कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या नाटकातून. त्या नाटकातले रोबो लोखंडाचे नाहीतच. ते कारखान्यात तयार केलेली, रक्तामांसासारख्या पदार्थाची, माणसासारखी दिसणारी कामगार मंडळी आहेत. त्यांच्याकडून काम करून घ्यायचे आणि निकामी झाली की मोडीत काढायची. शेवटी ते उठाव करतात. नाटक यंत्रांविषयी आहे असे समजून वाचले तर त्यात चुका काढता येतील. पण लालबाग-परळच्या ज्या घरांनी १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला अडीच लाख गिरणी कामगारांचा संप पाहिला, त्यानंतर गिरण्या बंद पडताना आणि त्याच जमिनीवर टॉवर उभे राहताना पाहिले, त्या घरांतल्या माणसाला हे नाटक कशाविषयी आहे ते सांगावे लागणार नाही. माणसाकडे फक्त त्याच्या कामापुरते पाहिले तर काय होते, हा त्यातला प्रश्न आहे. एआयमुळे नोकऱ्या जातील का, या आजच्या चर्चेत तो प्रश्न जसाच्या तसा आहे, फक्त आज तो गिरणीऐवजी ऑफिसात विचारला जातो आहे.

आयझॅक असिमॉव्हने १९४२ साली कथेत मांडलेले यंत्रमानवांचे तीन नियमही (माणसाला इजा होऊ देऊ नये, त्याची आज्ञा पाळावी, आणि हे सांभाळून स्वतःला जपावे) असेच गैरसमजात सापडले आहेत. एआयला आवर घालण्यासाठी ते वापरावेत, असे गंभीरपणे सुचवले जाते. त्याच्या कथा वाचल्या तर कळते की वरवर निर्दोष दिसणारे ते नियम कुठे कुठे अडतात, हाच त्या कथांचा विषय आहे.

मग पुराणांतली विमाने ही विज्ञानकथाच नव्हेत काय?

हा आक्षेप मुंबईला चांगला परिचित आहे. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भारतीय विज्ञान काँग्रेस भरली होती आणि तिच्यात प्राचीन भारतातल्या विमानविद्येवर एक निबंध वाचला गेला. त्यावरून मोठा वाद झाला. ज्या वैमानिकशास्त्र या ग्रंथाचा हवाला अशा वेळी दिला जातो, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ सालीच केली होती. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यात वर्णन केलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मला वाटते, या वादात पुराणकथांचे नुकसान अधिक होते. राजा ककुद्मीची गोष्ट पाहा. मुलगी रेवती हिच्यासाठी वर विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो, तिथे चाललेले गायन संपेपर्यंत थोडा थांबतो, आणि ब्रह्मदेव सांगतो की एवढ्या वेळात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली. तू मनात योजलेले वर, त्यांची मुले, नातवंडे, कुणीच उरलेले नाही. वेग आणि गुरुत्वाकर्षण यांनुसार काळाची गती बदलते असे सांगणाऱ्या सापेक्षता सिद्धांताची ही पूर्वकल्पना आहे, असे आज अभिमानाने सांगितले जाते. पण सापेक्षतेत घड्याळ किती मागे किंवा पुढे पडेल हे काढता येते. मोबाइलवरचा नकाशा ज्या जीपीएस उपग्रहांवर चालतो, त्यांची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्ती आधीच हिशेबात धरलेली असते. ककुद्मीच्या कथेत असा हिशेब नाही, आणि तो असण्याचे कारणही नाही. आपल्या मुलीला साजेसा वर साऱ्या पृथ्वीत नाही असे मानणारा बाप, आणि त्याच्या डोळ्यांदेखत पुसली गेलेली सगळी पिढी, हे त्या कथेचे सामर्थ्य आहे. तिला भौतिकशास्त्राचा दाखला चिकटवला की ते सामर्थ्य दिसेनासे होते, आणि उलट दाखला खोटा ठरला की कथाही खोटी ठरल्यासारखी वाटते. अद्भुत कथेला आपण खोटी आहोत हे ठाऊक असते, आणि तिच्या वाचकालाही. हा करार मोडून तिला वस्तुस्थिती म्हणून खपवणे, हा विज्ञानावर जितका अन्याय आहे तितकाच त्या कथेवरही आहे.

हा वास्तवापासून पळ नव्हे काय?

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या फँटसीचे लेखक जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिले. त्यातून पुढे तयार झालेल्या निबंधात या आरोपाला त्यांनी दिलेले उत्तर आजही पुरेसे आहे : कैद्याने तुरुंगातून सुटणे आणि सैनिकाने रणातून पळणे यांत टीकाकार गल्लत करतात. कैद्याने बाहेरच्या जगाचा विचार केला तर त्याला दोष देता येत नाही.

विज्ञानकथेच्या बाबतीत मला याहून पुढचे म्हणायचे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवसाची आठवण नसलेला मुंबईकर विरळा. तसा पाऊस दर पावसाळ्यात तीनदा पडू लागला, एवढा एकच नवघटक घ्या. पहिल्या वर्षी पंपांची संख्या वाढेल. चौथ्या वर्षी कुर्ल्यात तळमजल्याच्या घराला गिऱ्हाईक मिळणार नाही, आणि ज्यांना दुसरीकडे जाणे परवडत नाही तेच तिथे उरतील. सोसायटीच्या सभेत वरच्या मजल्यांवरचे सभासद जिना रात्री कुलूपबंद ठेवण्याचा ठराव आणतील. त्या ठरावावर सही करणारा सचिव हा त्या कथेचा नायक होऊ शकतो. हवामानाच्या अहवालात मिलिमीटर असतात. त्या जिन्याची किल्ली कोणाकडे, हे कथेला विचारावे लागते. असे लिहिणारा लेखक वास्तवापासून पळत नसतो.

तरीही हे साहित्य म्हणून दुय्यमच, असे का मानले जाते?

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप, आणि ते टोपणनाव होते. आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णु नारळीकर मिळतात. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला ख्यातनाम शास्त्रज्ञ म्हणून आपल्याला झुकते माप मिळू नये, कथा कथा म्हणूनच तपासली जावी, अशी त्यांची इच्छा होती. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. या दोन घटनांच्या मधल्या काळात लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, शुभदा गोगटे, सुबोध जावडेकर यांनी हा प्रकार मराठीत रुजवला.

असे असूनही आक्षेपात तथ्य आहे, हे मान्य करायला हवे. मराठीतल्या कित्येक विज्ञानकथांत पांढऱ्या कोटातला प्राध्यापक भाच्याला किंवा पत्रकाराला तीन पाने समजावून सांगतो आणि पात्रे केवळ 'मग काय झाले?' असे विचारण्यापुरती उरतात. ज्या कथेतून जगावेगळी गोष्ट काढून टाकली तरी काहीच बिघडत नाही, तिच्यात ती गोष्ट शोभेपुरती आलेली असते. बाविसाव्या शतकातल्या नवी मुंबईत उडत्या टॅक्सीतून फिरणाऱ्या प्रेमिकांना घरचा विरोध आहे, एवढीच कथा असेल तर टॅक्सी रस्त्यावरून धावली तरी ती तशीच राहते. गंगाधरपंतांच्या कथेतून विश्वासरावांना चुकलेली गोळी काढली तर हाती काहीच उरत नाही. आणि तिच्यातही शास्त्र समजावून सांगणारा एक मित्र आहेच. पण तो बोलू लागतो कथेच्या शेवटाकडे, वाचक ग्रंथालयात बसून, आझाद मैदानावर जाऊन, फाटके पान हातात घेऊन आल्यावर. तोवर ते स्पष्टीकरण वाचकालाच हवेसे झालेले असते.